कारवानी पिल्लाचे शिक्षण



शिकारी जातीचे पिल्लू घरी आणावयाचे ठरले म्हणजे नवख्या माणसाच्या मनात पहिला प्रश्न येतो तो असा की, यास धावावयास आणि सावज धरावयास कसे शिकवावे? मला आज जे सांगावयाचे आहे ते याच्या नेमके उलट आहे. शिकारी कुत्र्यास धावणे कोणी शिकवीत नाही; ते तो जन्मतःच घेऊन येतो. त्यास शिकवावे लागते ते थांबणे आणि परत येणे. ज्याने आपल्या कुत्र्यास एवढ्या दोन गोष्टी शिकविल्या, त्याने सर्व काही शिकविले. आणि ज्याने एवढ्याच शिकविल्या नाहीत, त्याच्या कुत्र्याच्या नशिबी बहुधा जन्मभराची साखळी येते.

मी पेशाने शाळामास्तर. मुलांच्या शाळेत जन्म गेला, आणि सेवानिवृत्तीनंतर या चतुष्पाद विद्यार्थ्यांच्या नादी लागलो. 'कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच' अशी आपल्याकडे म्हण आहे, आणि शिक्षणाने स्वभाव पालटत नाही हे सांगावयास लोक ती वापरतात. म्हण खोटी नाही. पण शेपूट सरळ करणे हा शिक्षणाचा हेतूच नव्हे. अंगचा गुण काढून टाकणे कोणत्याही मास्तराच्या हाती नसते. त्या गुणास वळण लावणे मात्र असते.

ज्या कुत्र्याविषयी मी बोलणार आहे तो आपल्या दक्षिण महाराष्ट्राचा आणि त्यास लागून असलेल्या कर्नाटकाचा कारवानी कुत्रा. लातूर, सोलापूर, सांगली, कोल्हापूर या बाजूस खेड्यापाड्यांतून तो दिसतो. लांब निमुळते तोंड, खोल छाती, आत ओढलेले पोट, काटक पाय आणि आखूड केसांची तुळतुळीत कातडी, असा त्याचा बांधा. कानांवर व शेपटीवर रेशमासारखे लांब केस असतील तर त्यास पशमी म्हणतात. मध्य आशिया व अरबस्तान या बाजूंनी आलेल्या व्यापाऱ्यांच्या तांड्यांबरोबर याचे पूर्वज इकडे आले असावेत, असा जाणत्यांचा तर्क आहे. नावातला 'कारवान' हा शब्दही तेच सुचवितो.

मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ही जात जतन केली, म्हणून कर्नाटकात तीस मुधोळ हाउंड हे नाव पडले. त्यांनी यातील एक जोडी इंग्लंडचे बादशहा पंचम जॉर्ज यांस नजर केल्याची कथा प्रसिद्ध आहे. मुधोळ संस्थान १९४८ साली मुंबई प्रांतात विलीन झाले आणि आज ते गाव बागलकोट जिल्ह्यात मोडते. २००५ साली भारतीय टपाल खात्याने देशी कुत्र्यांची चार तिकिटे काढली, त्यांत हा कुत्रा होता. पुढे ऑगस्ट २०२० मध्ये पंतप्रधानांनी आपल्या नभोवाणीवरील भाषणात त्याचा गौरवाने उल्लेख केला, आणि ज्यांनी कधी माळरान पाहिले नाही अशा घरांतूनही या पिल्लांची विचारपूस होऊ लागली. माझे आजचे बोलणे मुख्यतः अशाच घरांसाठी आहे.

प्रथम या कुत्र्याचा मूळ स्वभाव ध्यानात घ्यावा. शिकारी कुत्र्यांचे ढोबळ मानाने दोन वर्ग आहेत. एक नाकाने माग काढणारा, दुसरा डोळ्याने सावज हेरणारा. कारवानी दुसऱ्या वर्गातला. लांब तोंडाच्या कुत्र्यांच्या नेत्रपटलावर दृष्टीच्या पेशींचा दाट पट्टा आडवा पसरलेला असतो. त्यामुळे क्षितिजाच्या रेषेवर दूर काही हलले की ते त्यांस चटकन दिसते. रंग त्यास आपल्याइतके कळत नाहीत, तांबडा आणि हिरवा यांतला भेद तर जवळजवळ नाहीच. पण हालचाल कळते. निश्चल बसलेला ससा त्याच्या नजरेतून सुटेल, पळणारा सुटणार नाही. आणि एकदा नजर बसली की पाठीचा कणा धनुष्यासारखा वाकतो आणि सुटतो. प्रत्येक झेपेत दोन वेळा चारही पाय जमिनीपासून वर असतात. या वेळी त्याच्या कानांवर तुमची हाक पडत नाही असे नव्हे. पडते, पण तिला आत शिरावयास वाट उरत नाही. अशा क्षणी वाट मिळावी म्हणून ती आधी महिनोगणती रुळवून ठेवावी लागते. शिक्षण म्हणजे हे रुळविणे.

आता कायद्याचा विचार. पूर्वी या कुत्र्यांनी ससे, कोल्हे, काळवीट यांचा पाठलाग करावा हाच त्यांचा उपयोग होता. आज तसे करता येत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात शिकारीची जी व्याख्या आहे तीत केवळ मारणे येत नाही. वन्य प्राण्यास पकडणे, हाकणे, त्याच्या मागे कुत्रे धावविणे, आणि यांपैकी कशाचाही नुसता प्रयत्न करणे, हे सारे येते. तेव्हा 'आम्ही कुठे ससा मारला? कुत्रे नुसते मागे धावले,' ही सबब चालावयाची नाही. दुसऱ्या देशांतही वारे याच दिशेने वाहिले. इंग्लंडात सशामागे कुत्रे सोडण्याची 'वॉटर्लू कप' नावाची शर्यत १८३६ पासून चालत आली होती. २००४ च्या कायद्याने असल्या शर्यतींना बंदी झाली आणि २००५ च्या फेब्रुवारीत ती शेवटची झाली. शिकारी कुत्रा राहिला, शिकार गेली. मग या कुत्र्याच्या पायांतल्या वेगाचे करावयाचे काय, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर मालकाने द्यावयाचे आहे, कुत्र्याने नव्हे.

पिल्लू आणावे ते आठ आठवड्यांचे झाल्यावर, त्याआधी नव्हे. आई आणि भावंडे ही त्याची पहिली शाळा. चावा किती जोराने घेतला म्हणजे दुसरा ओरडतो, हा पहिला धडा तो तेथे शिकतो. मात्र आणल्यावर दिवस वाया घालवू नयेत. तिसऱ्या आठवड्यापासून सुमारे चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लाचे मन ओल्या मातीसारखे असते. या काळात ज्या गोष्टी त्याने सुखाने पाहिल्या त्या त्यास जन्मभर आपल्या वाटतात: लहान मुले, काठी टेकीत येणारे आजोबा, प्रेशर कुकरची शिट्टी, रस्त्यावरची वर्दळ, आणि विशेषतः शेळी, कोंबडी व मांजर. धनगरांच्या वाड्यावर मी असे कुत्रे पाहिले आहेत की जे कोकरांच्या अंगावर मान टाकून झोपतात, कारण डोळे उघडल्यापासून त्यांनी कोकरेच पाहिलेली असतात. कारवानी कुत्रा परक्यांशी मुळात अबोल असतो. अनोळखी माणसाने अंगाला हात लावलेला त्यास खपत नाही. म्हणून या दिवसांत पाहुण्यांनी त्यास पकडून कुरवाळू नये. खाली बसावे, हातावर खाऊ ठेवावा, आणि ते आपण होऊन जवळ येईपर्यंत वाट पाहावी.

आहाराविषयी थोडे. दुधात भाकरी कुसकरून घालणे ही आपल्याकडची जुनी चाल. एवढ्यावर पिल्लू जगते, पण वाढत्या हाडामांसाचे भागत नाही. कित्येकांस दुधाने ढाळही लागतात. त्यास उकडलेले अंडे व शिजविलेले मांस असा पौष्टिक भाग रोज हवा. शाकाहारी घराने पशुवैद्यास विचारून अन्नाची सोय करावी. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात चार वेळा, सहाव्या महिन्यापर्यंत तीन वेळा, पुढे दोन वेळा खाणे असावे. कांदा, द्राक्षे, बेदाणे आणि चॉकलेट ही कुत्र्यांस विषासमान आहेत. शिजविलेली हाडे फुटून आतड्यांस टोचतात, तीही देऊ नयेत. आणि गृहिणींनी एक गोष्ट विसरू नये: या जातीच्या निरोगी कुत्र्याच्या शेवटच्या दोन-तीन फासळ्या दिसावयाच्याच. शेजारीण म्हणेल, 'अहो, उपाशी ठेवता की काय?' तिचे ऐकून त्यास लठ्ठ करू नये.

लसींत हयगय नको. सहा ते आठ आठवड्यांपासून पार्वो व डिस्टेंपर या रोगांवरील लस, तीन-चार आठवड्यांच्या अंतराने चार महिन्यांचे होईपर्यंत. तीन महिने भरताच रेबीजची, आणि पुढे पशुवैद्य सांगेल तशी ठराविक काळाने. जंताचे औषधही त्याच्याच सल्ल्याने द्यावे. घरातील कोणास कुत्रा चावला, मग तो आपला असो वा परका, तर जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे; हळद-चुना लावून बसू नये. या बांध्याच्या कुत्र्यांच्या अंगात चरबी अल्प असल्यामुळे भुलीच्या काही औषधांचा अंमल त्यांच्यावर अधिक काळ राहतो. शस्त्रक्रियेची वेळ आल्यास पशुवैद्यास ही जात आधी सांगावी. थंडीत त्यास जाड अंथरूण हवे, आणि उन्हाळ्यात धावणे फक्त पहाटे किंवा सूर्य मावळल्यावर.

आता प्रत्यक्ष शाळेकडे वळू. आपल्या भाषेत कुत्र्याशी बोलण्याचे तीन शब्द परंपरेने चालत आले आहेत. जवळ बोलवावयाचे तर 'यू-यू', अंगावर सोडावयाचे तर 'छू', आणि हाकलावयाचे तर 'हाड'. कुत्र्यास जागच्या जागी थांबवील असा खास शब्द माझ्या तरी कानी कधी आला नाही. जणू त्याने थांबावे असे आपल्यास कधी वाटलेच नाही! म्हणून पिल्लू घरात येताच पहिला नियम करावा: 'छू' हा शब्द या घरात कोणी उच्चारावयाचा नाही. मुले गमतीने पिल्लास मांजरावर, खारीवर 'छू' करतात; पिल्लू दोन पावले धावते, सारे हसतात. वर्षाने तेच पिल्लू शेजाऱ्याच्या कोंबडीवर जाते, तेव्हा कोणी हसत नाही.

दुसरा नियम: घरातील सर्वांचे शब्द एक असावेत. आईने 'इकडे ये', वडिलांनी 'कम हियर', आजीने 'यू-यू' म्हणावे, मग पिल्लाने कोणाची भाषा शिकावी? 'ये' आणि 'थांब' हे दोन शब्द ठरवावेत व सर्वांनी तेच वापरावेत.

'ये' हा धडा असा द्यावा. दिवाणखान्याच्या दोन टोकांस दोघांनी बसावे. एकाने पिल्लाचे नाव घेऊन एकदाच 'ये' म्हणावे. ते आले की लगेच अंड्याचा किंवा मांसाचा बोटाच्या पेराएवढा तुकडा द्यावा. मग दुसऱ्याने बोलवावे. तीन मिनिटांपेक्षा अधिक काळ हा तास चालवू नये. दिवसातून चार-पाच वेळा मात्र अवश्य घ्यावा. पिल्लाचे लक्ष मुलांच्या लक्षापेक्षाही लवकर उडते, आणि कंटाळलेल्या विद्यार्थ्यास शिकविणे म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

या शब्दाचे पावित्र्य मात्र राखावे लागते. 'ये' म्हणून बोलावून कधी रागावू नये, आंघोळीस धरू नये, लगेच साखळीस बांधू नये. कुत्रे तासाभराने चिखलात लोळून परत आले, तरी आल्याबद्दल त्याचे कौतुकच करावे. कारण त्याच्या हिशेबी मार मिळतो तो पळून गेल्याचा नव्हे, परत आल्याचा. जो मास्तर उशिरा आलेल्या मुलास दारातच झोडपतो, त्याच्या वर्गात ते मूल दुसऱ्या दिवशी उशिरा येत नाही, येतच नाही. तसेच जेथे आपला शब्द पाळला जाण्याची खात्री नाही तेथे तो उच्चारू नये. पुन्हा पुन्हा मारलेली आणि फुकट गेलेली हाक कुत्र्यास एवढेच शिकविते की, या शब्दास काही अर्थ नाही.

म्हणून उघड्या मैदानात प्रथम दोरीवर न्यावे. या जातीचे डोके मानेपेक्षा अरुंद असते; साधा पट्टा त्यातून सहज निसटतो. तेव्हा पट्टा चांगला रुंद असावा, आणि लांब दोरी बांधावयाची ती मानेस नव्हे, तर छाती-खांद्यांवरून घेतलेल्या पट्ट्यास. कारण पूर्ण वेगाने धावणाऱ्या कुत्र्याच्या मानेस हिसका बसला तर इजा होते. दोरी तीस फूट लांब असावी. ती हातात धरून मागे ओढावयाची नसते, केवळ पळून जाण्याची वाट बंद करावयाची असते. दूरवर हाक पोचत नाही, म्हणून जोडीस शीळ किंवा शिट्टी लावावी. शिट्टीचा मोठा गुण असा की, तीत राग उमटत नाही. मालक कितीही घाबरला वा संतापला असला तरी शिट्टीचा सूर एकच राहतो.

'थांब' हा धडा जेवणाच्या ताटलीपाशी सुरू होतो. ताटली हातात धरावी, पिल्लू उड्या मारील, मारू द्यावे. शांत उभे राहिले की 'थांब' म्हणून खाली ठेवावी, आणि ते झेपावल्यास पुन्हा वर उचलावी. चार दिवसांत त्यास उमगते की, थांबल्यानेच मिळते. मग हाच शब्द दारात, जिन्यावर, रस्ता ओलांडताना न्यावा.

आणि या साऱ्याची परीक्षा घ्यावयाची ती चिंधीवर. एका बांबूच्या काठीस दोरी व दोरीच्या टोकास कापडाची चिंधी बांधावी आणि ती जमिनीवरून सरपटत फिरवावी. पिल्लाचे रक्त तत्काळ जागे होते. त्यास पाठलाग करू द्यावा, धरू द्यावी, आणि मध्येच चिंधी निश्चल करून 'थांब' म्हणावे. थांबले की खाऊ, आणि पुन्हा पाठलाग. या खेळात त्याच्या मूळ वृत्तीस तृप्ती मिळते आणि त्या वृत्तीच्या ऐन भरात शब्द ऐकण्याची सवयही लागते. अमेरिकेत ओवेन पॅट्रिक स्मिथ यांनी शंभरांहून अधिक वर्षांपूर्वी कुत्र्यांच्या शर्यतीसाठी जिवंत सशाऐवजी यांत्रिक ससा पळविला. आपली चिंधी हे त्याचेच गरिबाघरचे रूप. मात्र हाडे पक्की होईपर्यंत, म्हणजे वर्ष-सव्वा वर्षाचे होईपर्यंत, लांब दौड, सायकलमागे धावविणे आणि उंच उड्या वर्ज्य. खेळ पाच मिनिटांचाच असावा.

आठव्या-नवव्या महिन्यापासून वर्षापर्यंतचा काळ कसोटीचा. कालपर्यंत आज्ञाधारक असलेले कुत्रे एकाएकी हाक ऐकेनासे होते. इतके दिवस जी वृत्ती खेळात होती ती आता खरी जागी होते. पुष्कळ घरांत याच वेळी गाडे बिघडते. कोणाची तरी शेळी जखमी होते, किंवा कुत्रे रस्त्यावर मोटारीखाली येता येता वाचते. घरात भांडण होते, आणि मग त्यास अंगणात साखळी पडते. बांधलेले कुत्रे आणखी बेफाम होते, म्हणून साखळी आणखी आखूड होते. अखेर एके दिवशी ते 'गावाकडे' पाठविले जाते. या शब्दाचा खरा अर्थ कोणी विचारीत नाही. यात कुत्र्याचा अपराध काहीच नसतो. त्यास जे उपजत आले ते त्याने केले; जे शिकवावयाचे होते ते शिकविले गेले नाही. अशा वेळी न रागावता पुन्हा लांब दोरी काढावी, पहिल्या धड्यापासून उजळणी घ्यावी, आणि दोन-चार महिने धीर धरावा. नापास झालेल्या मुलास त्याच वर्गात पुन्हा बसवितात, शाळेबाहेर काढीत नाहीत.

महाभारतात पांडव मृगयेस गेले असता त्यांचा कुत्रा एकटाच रानात भटकला आणि एकलव्याने भुंकणाऱ्या त्या कुत्र्याचे तोंड बाणांनी भरून टाकले, ही कथा आपण एकलव्याचे कौशल्य म्हणून वाचतो. कुत्रा पाळणाऱ्याने ती दुसऱ्या अर्थानेही वाचावी: जे कुत्रे मालकाच्या हाकेबाहेर गेले, ते जगाच्या बाणांपुढे उघडे पडले. आजचे बाण म्हणजे मोटारी, विषारी आमिषे, शेजाऱ्यांचा रोष आणि कायदा.

तेव्हा पिल्लू आणण्यापूर्वी तीन गोष्टींचा विचार करावा. एक, कुंपण असलेली मोकळी जागा रोज निदान अर्धा तास मिळेल काय? दोन, पहिले वर्षभर रोज वीस-पंचवीस मिनिटे, थोडी थोडी करून, त्याच्या शाळेस देणारे कोणी घरात आहे काय? तीन, दहा-बारा वर्षांची ही सोबत निभावण्याची तयारी आहे काय? तिन्हींस 'होय' असे उत्तर असेल तर कारवानी पिल्लू अवश्य आणावे, त्याचा आपल्या नगरपालिकेचा परवाना काढावा, आणि निश्चिंत असावे. रोजची धाव मिळाली की हा कुत्रा घरात अत्यंत शांत असतो. दिवसाचा बराच वेळ कोपऱ्यात पाय दुमडून झोपतो, आणि विनाकारण भुंकत नाही. एकाही प्रश्नास 'नाही' असे उत्तर असेल तर त्याचे टपालाचे तिकीट संग्रही ठेवावे. तेही सुंदर आहे.

पिल्लू आणणाराने मात्र एवढे पक्के ध्यानात धरावे की, ज्या कुत्र्यास शब्दाने थांबविता येते, त्यासच पूर्ण मोकळे सोडता येते. आज्ञापालन आणि मोकळीक ही परस्परांची वैरी आहेत असे आपण समजतो. भरधाव सुटलेला कारवानी शिट्टी ऐकून माळाच्या अर्ध्यातून वळतो आणि आपल्या पायांशी येऊन उभा राहतो, तेव्हा तो समज टिकत नाही.